चंदूच्या पायरीवरची हद्द

आमच्या भाटखार कोळीवाड्याने आजवर तीन मतदारसंघ पाहिले. कोळीवाडा मात्र एकदाही जागचा हलला नाही. पहिला मतदारसंघ एवढा लांबरुंद होता की मालाडच्या रुळांपासून थेट दर्यापर्यंत सगळं त्यात मोडायचं. त्या काळी मतपेटी खाडीपलीकडे असायची आणि आमचे आजे कमरेला धुतलेला रुमाल नेसून, लाल टोपी घालून, होडीत बसून मत द्यायला जायचे. दुसऱ्या वेळी रेषा मोठ्या रस्त्यावरून ओढली. तिसऱ्या वेळी, म्हणजे २००८ साली, कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं असेल आणि म्हटलं असेल, ही निळी रेघ आहे तीच हद्द धरू. ती निळी रेघ म्हणजे आमची खाडी. अलीकडचे आम्ही एका मतदारसंघात, पलीकडचे दुसऱ्या. पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे त्या शहाण्याला कुणी सांगितलं नसावं.

बरीच वर्षं त्याने काही बिघडलं नाही. मग पलीकडचा चिखल बुजवून तिथे इमारती उठल्या. तिकडे पसरायला जागा उरली नाही तेव्हा पाणी आमच्याकडे सरकलं. माझ्या लहानपणी ज्या जागी आम्ही क्रिकेट खेळायचो तिथे आता होड्या बांधतात.

पाण्याच्या सगळ्यात जवळचं घर चंदूचं. चंदू साठीचा, काळा, रुंद पंजाचा माणूस. खाडीच्या तोंडाशी डोल लावतो, म्हणजे खुंटाला बांधलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीची वेळ त्याला घड्याळात बघावी लागत नाही. त्याची बायको सखुबाई पाटी घेऊन मालाडच्या बाजारात बसते. त्यांना एकच मुलगी, कल्पिता. ती दिली समोरच्याच घरात, पोशा नाखवाच्या अल्पेशला. दोन घरांच्या मधे बारा पावलांची गल्ली. लग्नात वरात निघाली आणि लगेच पोचली, म्हणून बँडवाल्यांना गावाला तीन फेऱ्या मारायला लावलं होतं.

चंदू आणि पोशा लहानपणापासूनचे सोबती, पुढे व्याही झाले, आणि तरीही दोघांत एक भांडण वर्षानुवर्षं चालू होतं. आमच्याकडे नारळी पुनवेला नारळ कुणाच्या दारातून सोडायचा, तर त्या दिवशी भरतीचं पाणी पहिलं ज्याच्या पायरीला लागेल त्याच्या. तो मान. चंदूच्या बापाने ओट्याच्या दगडावर छिन्नीने एक रेघ कोरून ठेवली होती, एका पुनवेचं पाणी तिथपर्यंत आलं होतं म्हणून. पोशाचं म्हणणं, ती रेघ खोटी आहे, पाणी आधी आमच्या पायरीला लागतं, चंदूचा बाप मोठ्याने बोलायचा एवढंच. दर श्रावणात वाद व्हायचा, दर श्रावणात नारळ चंदूच्या ओट्यावरून जायचा, आणि पोशा आठ दिवस त्याच्याशी बोलायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात उधाण आणि पाऊस एकाच दिवशी आले. सगळ्या गल्ल्यांत कमरेएवढं पाणी. सुकवलेल्या जवळ्याची पोती भिजून सडली, वास महिनाभर गेला नाही. आमदारांकडे मोर्चा गेला. आमदार बोलले, संरक्षक भिंत बांधू. माझ्या निधीतून बांधू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मी प्रीतम. वाड्यातला शिकलेला, मालाडला एका ऑफिसात टेबलावर बसतो. म्हणून सरकारी कागद आला की माझ्याकडे येतो. भिंतीचा कागदही आला. त्यात लिहिलं होतं की आमदारनिधी मतदारसंघाच्या हद्दीबाहेर खर्च करता येणार नाही, सबब भिंत हद्दीवरूनच जाईल. हद्द खाडीची. आणि खाडी म्हणजे पाऊस सोडून नुसत्या भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवरची जागा. मोजणी उद्या.

कागद मी धक्क्यावर वाचला. तेव्हा तिथे पोशा होता, जाळं शिवत. मी त्याला समजावून सांगितलं. ज्याच्या दारात भरतीचं पाणी येतं त्याचं घर खाडीत धरतील आणि भिंत त्याच्या मागून घालतील, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. पोशाने सुई थांबवली, मग पुन्हा चालवली. बोलला, "बरं केलंस सांगितलंस."

चंदू तेव्हा होडी घेऊन गेला होता. त्याला संध्याकाळी सांगू असं मी ठरवलं. संध्याकाळी साडूकडे जेवायला गेलो आणि राहून गेलं. याला दुसरं काही कारण नाही. कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोजणीचे परब साहेब आले. तळकोकणातले, मऊ बोलणारे गृहस्थ, चिखलातून येताना बूट हातात घेतलेले. मागे टेप धरणारे दोघे आणि लाल रंगाचा डबा. सगळा वाडा गोळा झाला. परब साहेबांनी सरळ प्रश्न टाकला, "पुनवेचा पाणी खंयपर्यंत येता? पाऊस नसताना. नुसती भरती."

चंदूला सांगायचं राहिलं ते मला तेव्हा आठवलं. मी चंदूकडे बघितलं. तो पुढे सरकत होता, पण त्याच्या आधी पोशा बोलला.

"आमचे दारान नाय येत, साहेब. कधीच नाय आलं. पुनवेचं पानी पयलं चंदूचेच पायरीला लागतं. मान त्याचा हाय. आज सगल्यांसमोर बोलतंय."

वीस वर्षं जे ऐकायला चंदू तरसला होता ते असं फुकटात मिळालं. त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला. तो पोशाकडे बघत राहिला, मग साहेबांचा दंडच धरला. "या, मी दावतंय. माझे बापाने रेघ मारलेली हाय."

सखुबाई दारात कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होती. ती हळूच बोलली, "अवो, साहेबांना आधी इचारा तरी, कशापायी मोजतान."

"तू गप बस गो. पान्याचं तुना काय ठाव."

त्याने रेघ दाखवली. वर आणखी सांगितलं की ही बापाच्या वेळची, आता पाणी हिच्याही वर येतं, गेल्या पुनवेला चुलीपर्यंत आलं होतं, चुलीतली राख तरंगत होती. भिंतीवरचा पांढरा खारही दाखवला. परब साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि चंदूची सही घेतली. सही चंदूने वळणदार केली. मग टेपवाल्याने चंदूच्या घराला वळसा घालून, मागच्या कोपऱ्यावर, पोशाच्या गल्लीच्या तोंडाशी लाल फुली मारली. चंदूने सगळ्यांना चहा पाजला आणि तळलेले बोंबील खायला घातले. पोशानेही खाल्ले. मी खाल्ले नाहीत. पण तोंड मीही उघडलं नाही, तेव्हा खाल्ले काय नि न खाल्ले काय.

फुलीचा अर्थ चंदूला आठवड्याने कळला. खड्डे खणायला माणसं आली आणि त्याच्या घराच्या पुढे न जाता मागे खणायला लागली. तो मुकादमाला सांगायला गेला की तुमची चूक झाली. मुकादमाने त्याला नकाशा दाखवला आणि त्याचीच सही दाखवली.

मग चंदू दोन दिवस डोल काढायला गेला नाही. जाळ्यात मासा कुजला. तिसऱ्या दिवशी मला घेऊन आमदारांच्या ऑफिसात गेला. तिथे एसी होता आणि एक तरुण पोरगा कॉम्प्युटरवर बसला होता. त्याने चंदूच्या मतदार कार्डाचा नंबर टाकला.

"काका, तुमचं घर हद्दीबाहेर दाखवतंय. साहेबांचा निधी बाहेर टाकता येत नाही ना. कायदा आहे."

"साहेब मतं मागाला माझे ओट्याव बसलेले. चाय पिलेले."

"तेव्हा हद्द मोजली नव्हती."

तिथून आम्ही पलीकडच्या आमदारांच्या ऑफिसात गेलो. होडीने गेलं तर दहा मिनिटं, पण तिकडे आता इमारतींचं कंपाउंड आहे आणि होडी लावू देत नाहीत. म्हणून पुलावरून, दोन बस बदलून, दीड तास. चंदूच्या पायाला चिखलातली जखम होती, ती चपलेत घासून उघडली. तिथल्या बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. आमच्या बाजूने तुमच्याकडे रस्ता आहे का, असं विचारलं.

"नाय. पानी हाय."

"मग भिंत कशावर बांधणार, काका? आणि तुमचं नाव तर तिकडच्या यादीत आहे."

येताना चंदू बसमध्ये उभाच राहिला. सीट रिकामी होती. मी बसायला सांगितलं तर बोलला, "माझे कपरे वास मारतान. लोकांना त्रास."

त्याच महिन्यात शाळेतल्या गार्गी बाई मतदारयादीचे फॉर्म घेऊन आल्या. याच बाईंनी कल्पिताला चौथीत शिकवलं होतं. चंदूच्या ओट्यावर बसून त्यांनी दोन फॉर्म भरले, एक चंदूचा आणि एक सखुबाईचा. मतदान आता पलीकडच्या शाळेत.

"नाव काढतीयस का, बाई?" सखुबाईने विचारलं.

"काढत नाही हो मावशी. स्थलांतर. इथून तिथे."

"मंग आमी कुटं गेलो?"

गार्गी बाईंनी पेन पुढे केलं. सखुबाईने ओले हात लुगड्याला पुसले आणि अंगठा दिला. चंदूने यावेळी सही केली ती नुसती रेघोटी.

परब साहेब माणूस वाईट नव्हता. मी फोन केला तर बोलले, अर्ज देता येईल. पंचनामा चुकीचा झाला, भरतीचं पाणी घराला लागत नाही, असं चंदूने लिहून द्यायचं आणि खाली वाड्यातल्या पाच जणांच्या सह्या. एकाच कुटुंबातल्या चालणार नाहीत. काम सुरू झालंय, आठ दिवसांत द्या.

अर्ज मी लिहिला. एवढं तरी केलं. चंदूला वाचून दाखवला तेव्हा तो ओट्यावरच्या रेघेवरून बोट फिरवत बसला होता. ऐकून झाल्यावर आत गेला, छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि बापाची रेघ ठोकून काढली. दगडाचे कपचे उडाले, एक त्याच्या गालाला लागला. सखुबाई आतून बघत होती, तिने अडवलं नाही.

पहिली सही पोशाची हवी, बाकीचे त्याच्या मागे येणार. पोशा देवळाच्या कट्ट्यावर पत्ते खेळत होता. चंदू अर्ज घेऊन समोर उभा राहिला.

"पोशा, सही पायजे."

पोशाने मला अर्ज मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला. लोक जमले.

"म्हंजे पानी तुझे पायरीला नाय लागत?"

"नाय."

"मंग पुनवेला पयलं कुनाचे पायरीला लागतं?"

पोशाने पानं खाली ठेवली. "बोल ना. देवासमोर हायस. इतकी वरसं माझे बापाला तुमी खोटा पारलात."

"तुमचे," चंदू बोलला.

"ऐकाला नाय आलं."

"पानी पयलं तुमचे पायरीला लागतं. मान तुमचा हाय. माझा बाप खोटं बोलला."

चंदूने पेन पुढे केलं. पोशाने ते घेतलं, दोन बोटांत फिरवलं आणि परत दिलं.

"आता तू बोलतंस पानी माझे पायरीला लागतं. कागदाव तसं लिवलं, तर माझं घर खारीन जाईल. तुझी पोर त्याच घरान हाय, चंदू. मी सही कशी करू?"

मी पोशाला त्याआधी आणि त्यानंतरही खूप वेळा बघितलंय. त्या दिवशी तो खुशीत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तो घाबरला होता. घाबरलेला माणूस किती स्वच्छ विचार करतो ते मला त्या दिवशी कळलं. बाकीच्यांनीही सह्या दिल्या नाहीत. एकाने सांगितलं, मोजणी पुन्हा लागली तर काम पावसाळ्यापुढे जाईल. दुसरा बोलला, चंदूसाठी सगळ्या वाड्याने का बुडायचं. मला चंदूने विचारलं नाही, पेन नुसतं माझ्यासमोर धरलं. मी बोललो, बाकीचे चार झाले की पाचवी माझी. ते चार होणार नाहीत हे मला माहीत होतं. माझं घर फुलीपासून पन्नास पावलांवर आहे.

भिंत उठली. सिमेंटच्या ठोकळ्यांची, माणसाच्या उंचीची. पोशाच्या गल्लीच्या तोंडाशी मुकादमाने दीड फुटाची फट सोडली, चंदू आणि सखुबाईला ये-जा करायला. सखुबाई डोक्यावर पाटी घेऊन तिरकी होऊन त्यातून निघायची. तिची कोपरं सोलून निघाली. नळाचं पाणी हंड्याने त्या फटीतूनच न्यायची. विजेची तार भिंतीवरून ओढली होती. कुणी वाटेत भेटलं की सखुबाई पूर्वीसारखीच विचारायची, जेवलास का, पोरं बरी आहेत का. उत्तर देताना जीव नको व्हायचा.

मे महिन्यातलं उधाण आलं. इतकी वर्षं पसरून येणारं पाणी भिंतीला अडलं आणि सगळं त्या फटीतून घुसलं. चंदूच्या घरात मांडीएवढं होतं, ते कुणी मोजलं नाही. फटीसमोरच्या गल्लीत गुडघाभर पाणी सुसाट आलं आणि पोशाच्या दारातून थेट आत गेलं. कल्पिताची मुलगी सहा महिन्यांची, पाळण्यात होती. पाळण्याच्या खालची गोधडी भिजली, पोरगी रडून काळीनिळी झाली, एवढंच झालं. पण संध्याकाळी देवळात बैठक बसली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला कल्पिता फटीच्या आतल्या बाजूला येऊन उभी राहिली, मुलीला कडेवर घेऊन. बाहेर चंदू घरातला गाळ फावड्याने ओढत होता. सखुबाई ओली भांडी घासत होती. मी गल्लीतच होतो.

"बा," कल्पिता बोलली, "फट बुजवाचा ठरवलाय."

चंदूने फावडं थांबवलं नाही. "कोन कोन बोलला?"

"सगले."

"तू?"

कल्पिताने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी पन हात वर केला."

सखुबाईने एक टोप घासून उपडा ठेवला, दुसरा घेतला. मी वाट बघत होतो की ती आता काहीतरी बोलेल, शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. ती बोलली, "पोरीला ताप हाय का गो?"

"नाय, आय."

"डोकं झाक तिचं."

चंदू फावडं टेकवून उभा राहिला. "बरं केलंस," तो कल्पिताला बोलला. "बुजवाला पायजे ती."

त्यांना पलीकडे, पुलाजवळच्या कुठल्यातरी संक्रमण शिबिरात खोली मिळेल असं कुणीतरी बोललं होतं. कुणी चौकशी केली नाही. मी करणार होतो.

फट बुजवायला गवंडी आला तो दुपारी, सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर. आतून ठोकळे रचले. पण ठोकळ्यांचे सांधे बाहेरूनही भरावे लागतात, नाहीतर पाणी झिरपतं. बाहेर जायला गवंड्याला आता वाट नव्हती, धक्क्यावरून चिखलातून यायचं तर तासभर. त्याने वरून हाक मारली, "काका, जरा दर्जा भरून घ्याल का? माल देतो."

चंदूने होय म्हटलं. गवंड्याने घमेलं आणि थापी वरून खाली सोडली. मला आतून दिसत नव्हतं, आवाज येत होता. थापी सिमेंटवर घासल्याचा, सखुबाईच्या बांगड्यांचा, ती घमेलं वर धरत असावी. मधेच चंदू थांबला.

"मिस्त्री, वरचा थर कमी हाय."

"ठेकेदार शेठने एवढंच सांगितलंय."

"शेठला काय ठाव. श्रावणाचं पानी मे महिन्याचे वर येतं. अजून एक थर चरव. चांगलं भर. माझी पोर तिकरं हाय."

गवंड्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने आणखी एक थर चढवला. तोवर त्यांच्या घराचं कौल दिसत होतं, ते दिसेनासं झालं. मग बाहेरून त्या थराचेही सांधे भरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो सावकाश, नीट काम करत होता, जाळं विणताना करतो तसं.

भरती लागायच्या आत झालं. चंदूने थापी आणि घमेलं धुतलं असावं, कारण वरून आलं तेव्हा त्यातून स्वच्छ पाणी गळत होतं. गवंडी हात धुवायला गेला होता. मीच हात वर करून ते घेतलं.

"कोन हाय रं तिकरं?" चंदूने विचारलं.

मी घमेलं खाली ठेवलं, आवाज होणार नाही असं, आणि घरी आलो.